टेक्निकल लेखातल्या संदर्भ लिंक: कुठे द्यायच्या, कशा लिहायच्या आणि वाचणाऱ्याची दमछाक कशी टाळायची

कॉलेजच्या प्रोजेक्टची रीडमी फाइल असो, एखादं ॲप कसं वापरायचं याची टीप असो किंवा ऑफिसमधलं डॉक्युमेंटेशन असो, लिंक दिल्याशिवाय आपलं काम होत नाही. पण लिंक नीट कशी द्यायची हे कोणी शिकवत नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मलाही कोणी शिकवलं नव्हतं. मी ते एका चुकीतून शिकलो, म्हणून आधी ती चूक सांगतो.

पहिल्या नोकरीत मी एक पान लिहिलं होतं: रात्री सर्व्हिस बंद पडली तर ती परत कशी सुरू करायची. पान इंग्रजीत होतं. त्यातल्या एका वाक्याचा अर्थ असा होता की, सर्व्हर बदलल्यापासून पायऱ्या थोड्या वेगळ्या आहेत, त्या 'हिअर, हिअर आणि हिअर' बघा. तीन वेळा 'हिअर' आणि तीन लिंक. पहिली जुन्या सर्व्हरची, दुसरी नव्याची, तिसरी आकृतीची. लिहिताना मला सगळं स्पष्ट होतं, कारण तिन्ही पानं माझ्या डोक्यात होती.

काही महिन्यांनी रात्री दोन वाजता सर्व्हिस खरंच बंद पडली. ड्युटीवर टीममध्ये नवीनच आलेली एक मुलगी होती. तिच्या घरची लाइट गेलेली, त्यामुळे तिने ते पान फोनवर उघडलं. तिने पहिलं 'हिअर' दाबलं आणि जुन्या सर्व्हरच्या पायऱ्या करत बसली. सर्व्हिस आणखी पाऊण तास बंद राहिली. सकाळी ती मला म्हणाली, "सॉरी सर, माझंच चुकलं, मी नीट वाचलं नाही."

मी ते पान माझ्या फोनवर उघडून पाहिलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. नीट वाचता येईल असं मी लिहिलंच नव्हतं.

या लेखात आपण संदर्भ लिंक म्हणजे काय, ती लिहिण्याच्या पद्धती, मराठीत लिहिताना येणाऱ्या खास अडचणी आणि फोनवर वाचणाऱ्यासाठी काय सांभाळायचं, हे सगळं पाहू.

संदर्भ लिंक म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही लिंकचे दोन भाग असतात. एक, वाचणाऱ्याला दिसणारा मजकूर. दोन, त्यामागचा पत्ता, म्हणजे यूआरएल. मजकूर माणसासाठी असतो आणि पत्ता ब्राउझरसाठी. गोंधळ होतो तो हे दोन्ही एकमेकांत मिसळल्यावर. वाक्याच्या मधोमध दीडशे अक्षरांचा पत्ता आला की वाक्याचा धागा तुटतो.

वाक्यात फक्त एक छोटी खूण ठेवायची आणि पूर्ण पत्ता दुसरीकडे, बहुतेक वेळा खाली, एकत्र लिहायचा. याला संदर्भ पद्धतीची लिंक म्हणतात.

ही कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. इंटरनेट कसं चालावं याचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात त्यांना आरएफसी म्हणतात. पहिला आरएफसी १९६९ चा. साध्या टेक्स्टमधल्या आरएफसीमध्ये निळ्या लिंक देण्याची सोय नव्हती. म्हणून वाक्यात चौकटी कंसात संदर्भाचं छोटं नाव आणि शेवटी संदर्भांची यादी, अशी पद्धत रुळली. पुढे त्या यादीचेही दोन भाग झाले: जे वाचल्याशिवाय नियम पाळताच येणार नाही असे संदर्भ वेगळे, आणि जादा माहितीचे वेगळे. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लिंक लिहिण्याच्या तीन पद्धती

आज बहुतेक रीडमी फाइल आणि टेक्निकल नोट्स मार्कडाउनमध्ये लिहिल्या जातात. मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलं आणि त्यात आरन स्वार्ट्झ यांचाही सहभाग होता. फाइलचं सुंदर वेबपेज बनवण्याआधी, कच्च्या टेक्स्टच्या रूपातही ती सहज वाचता आली पाहिजे, हा त्यामागचा मुख्य विचार. संदर्भ पद्धतीची लिंक त्याच विचारातून आली.

पहिली पद्धत, ओळीतली लिंक:

[मराठी विकिस्रोत](इथे-पूर्ण-पत्ता)

चौकटी कंसात मजकूर आणि त्याला चिकटून गोल कंसात पत्ता. छोट्या नोटमध्ये एकदोन लिंक असतील तर ही बरी. पण एका परिच्छेदात पाच लिंक झाल्या की कच्ची फाइल वाचवत नाही.

दुसरी पद्धत, संदर्भ लिंक:

जुनी पुस्तकं [मराठी विकिस्रोतावर][विकिस्रोत] मिळतील.

[विकिस्रोत]: इथे-पूर्ण-पत्ता

पहिल्या चौकटी कंसात दिसणारा मजकूर, दुसऱ्यात खूण. खाली त्याच खुणेपुढे विसर्गासारखं चिन्ह आणि खरा पत्ता. खालची ओळ तयार पानावर दिसत नाही, वाचणाऱ्याला नेहमीसारखी निळी लिंकच दिसते. तोच पत्ता चार ठिकाणी हवा असेल तर तीच खूण चार वेळा वापरायची. पत्ता बदलला तर एकाच जागी बदलायचा.

तिसरी पद्धत, तळटीप:

हा नियम २०२३ मध्ये बदलला.[^नियम]

[^नियम]: बदलाची माहिती आणि पत्ता.

इथे वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी छोटा आकडा दिसतो आणि पानाच्या तळाशी टीप. २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये ही सोय नव्हती. गिटहबने ती २०२१ मध्ये दिली. त्यामुळे तुम्ही जिथे लिहिताय तिथे ती चालते का, हे आधी बघून घ्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीत बरेच जण गल्लत करतात. फरक साधा आहे. संदर्भ लिंकमुळे सोय होते लिहिणाऱ्याची आणि फाइल सांभाळणाऱ्याची, तयार पान जसंच्या तसं राहतं. तळटिपेमुळे पानच बदलतं, वाचणाऱ्याला खाली जाऊन परत वर यावं लागतं. म्हणून पद्धत निवडताना स्वतःला विचारा: मला कोणाची सोय करायची आहे?

संदर्भ लिंक वापरताना चार बारीक नियम लक्षात ठेवा:

१. खालच्या पत्त्यांच्या ओळींआधी एक रिकामी ओळ सोडा. त्या परिच्छेदाला चिकटल्या तर परिच्छेदाचाच भाग समजल्या जातात.
२. एकच खूण दोनदा लिहिली, तर प्रमाण मार्कडाउनमध्ये पहिला पत्ता धरला जातो. खाली नवीन पत्ता टाकून "बदल का होत नाही?" म्हणून डोकं धरून बसायचं नसेल तर जुनी ओळ काढा.
३. खुणेचा पत्ता लिहायचा राहिला तर चौकटी कंस पानावर तसेच दिसतात. असे कंस दिसले की काहीतरी सुटलंय हे ओळखा.
४. खूण म्हणून १, २, ३ असे आकडे देऊ नका. मध्ये एक लिंक वाढली की सगळा क्रम बिघडतो. 'विकिस्रोत', 'इन्स्टॉल', 'नियम' अशी नावं द्या.

मराठी पत्ते इतके लांब का होतात?

मराठी विकिपीडियाची लिंक फोनवरून कॉपी करून पेस्ट केली असेल तर हा अनुभव तुम्हाला आलाच असेल. ॲड्रेस बारमध्ये सुंदर मराठी शब्द दिसतो आणि पेस्ट केल्यावर टक्क्याची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची मालगाडी येते.

कारण असं आहे. वेब पत्त्यात मुळात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि ठरावीक चिन्हंच चालतात. देवनागरी अक्षर आलं की ते आधी यूटीएफ-८ मध्ये बदललं जातं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात 'टक्का आणि दोन अक्षरं' असा लिहिला जातो. म्हणजे एका खुणेची नऊ अक्षरं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशा पाच खुणा आहेत, त्याची ४५ अक्षरं होतात. 'महाराष्ट्र' या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा खुणा, म्हणजे ९०!

पत्ता चुकीचा नसतो, तो उघडतोही. पण अशा दोन लिंक एका वाक्यात टाकल्या तर फोनच्या स्क्रीनवर कच्च्या फाइलमधलं वाक्य दिसेनासंच होतं. म्हणून देवनागरी पत्ते देताना संदर्भ पद्धतच वापरा. मी तरी दुसरी वापरत नाही.

आणखी एक सफाई. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम'ने सुरू होणारे तुकडे असतील तर ते तुम्ही कुठून आलात हे मोजण्यासाठी असतात. ते काढा, लिंक उघडून बघा, आणि मगच लेखात टाका. प्रश्नचिन्हानंतरचं सगळंच मात्र सरसकट उडवू नका. काही साइटवर लेखाचा नंबर तिथेच असतो.

'इथे क्लिक करा' का नको?

माझ्या त्या पानावर नेमकं हेच चुकलं होतं. 'इथे' हा शब्द कुठे नेणार हे सांगत नाही.

आपण सगळे स्क्रीनवर आधी नजर फिरवतो आणि मग वाचतो. नजर निळ्या शब्दांवर थांबते. ते शब्द 'इथे, इथे, इथे' असतील तर नजरेला काहीच कळत नाही. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांचे हाल आणखी होतात. अँड्रॉइडच्या टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरमध्ये बाकीचा मजकूर सोडून फक्त एका लिंकवरून पुढच्या लिंकवर जाता येतं. मग कानावर पडतं "इथे, लिंक... इथे, लिंक... इथे, लिंक". वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत, लिंक कशासाठी आहे हे तिच्या मजकुरावरून किंवा आजूबाजूच्या वाक्यावरून कळलं पाहिजे, असा नियम २००८ च्या आवृत्तीपासून अगदी प्राथमिक पातळीवर आहे.

वाईट: नव्या सर्व्हरसाठी इथे बघा.
बरं: [नव्या सर्व्हरवर सर्व्हिस सुरू करण्याच्या पायऱ्या][नवा-सर्व्हर] बघा.

पण लिंकचा मजकूर म्हणून अख्खं वाक्यही घेऊ नका. देवनागरीत उकार, ऋकार आणि 'ट्र'सारखी जोडाक्षरं ओळीच्या खाली उतरतात. त्यांच्याखाली लांबलचक अधोरेखा आली की वाचायला त्रास होतो. तीन ते सात शब्द पुरेत.

मराठीची खास अडचण: विभक्ती

हा भाग इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सापडत नाही, कारण त्यांना हा प्रश्नच पडत नाही. इंग्रजीत शब्द तसाच राहतो. आपण मात्र गिटहबवर, गिटहबच्या, गिटहबला असं जोडून लिहितो.

मग कंस कुठे बंद करायचा? '[गिटहब]वर' चालून जातं, पण 'विकिस्रोतावर' हा शब्द '[विकिस्रोत]ावर' असा तोडला तर काना एकटा पडतो आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्यासोबत ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. म्हणून सोपा नियम: प्रत्ययासकट पूर्ण शब्द लिंकमध्ये घ्या.

मार्कडाउनमध्ये एक शॉर्टकट आहे. दुसरा कंस रिकामा ठेवला तर दिसणारा मजकूरच खूण मानला जातो, जसं [गिटहब][]. इंग्रजीत तो छान चालतो. मराठीत [गिटहबवर][] लिहिलं की 'गिटहबवर' नावाची खूण शोधली जाते आणि ती सापडत नाही. त्यामुळे आपण पूर्ण रूपच लिहायचं: [गिटहबवर][गिटहब].

पायथनच्या जगात बऱ्याच ठिकाणी रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट वापरतात. तिथे लिंकचं चिन्ह संपल्यावर जागा किंवा विरामचिन्ह लागतं, लगेच अक्षर आलं तर लिंक ओळखली जात नाही. म्हणजे तिथेही प्रत्यय आतच हवा.

आणि खुणेसाठी साधे शब्द निवडा. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या प्रकारे टाइप करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी ते वेगळे शब्द असतात आणि खूण जुळत नाही. या एका गोष्टीत माझी एक संध्याकाळ गेली आहे.

कोणती लिंक वाक्यात, कोणती खाली?

आता आरएफसीची ती विभागणी आठवा. प्रत्येक लिंकबद्दल एकच प्रश्न विचारा: वाचणाऱ्याने ही आत्ता उघडली नाही तर त्याचं काम अडेल का?

अडत असेल, तर लिंक त्याच पायरीत, वाक्याच्या शेवटी द्या. उदाहरणार्थ, फाइल डाउनलोड करायची लिंक.

अडत नसेल, तर ती 'अधिक वाचा' अशा मथळ्याखाली शेवटी द्या. एखाद्या नियमाचा इतिहास, पर्यायी पद्धत वगैरे.

आणि फक्त एका ओळीच्या माहितीसाठी लिंक देत असाल, तर ती ओळच लिहून टाका. 'कोणती आवृत्ती लागते ते या पानावर बघा' म्हणण्यापेक्षा आवृत्ती लिहा. लिंक पुराव्याला ठेवा. चांगल्या लेखाची खूण हीच, की एकही लिंक न उघडता तो समजला पाहिजे.

फोनवर वाचणाऱ्यासाठी

कॉम्प्युटरवर माउस लिंकवर नेला की खाली पत्ता दिसतो. फोनवर तसं होत नाही, त्यासाठी बोट दाबून धरावं लागतं. म्हणजे फोनवर लिंकच्या मजकुरावर विश्वास ठेवण्याशिवाय फारसा पर्याय नसतो.

दुसरं, बोटाचा आकार. दाबायच्या जागेसाठी गूगलच्या मटेरियल डिझाइनची शिफारस ४८ डीपी आहे आणि ॲपलची ४४ पॉइंट. वाक्यातल्या लिंकला एवढी जागा मिळत नाही, हे खरं. म्हणूनच दोन लिंक एकमेकींना चिकटून देऊ नका. मध्ये शब्द येऊ द्या किंवा त्यांची यादी करा. तळटिपेचा इवलासा आकडा तर फोनवर दाबायला सगळ्यात अवघड. विकिपीडियाच्या मोबाइल साइटवर आकडा दाबला की संदर्भ स्क्रीनच्या तळाशी तिथेच उघडतो. वाचणाऱ्याची जागा हरवत नाही. तुमच्या पानावर अशी सोय नसेल, तर तळटिपा मोजक्याच ठेवा.

व्हॉट्सॲपवर माहिती पाठवतानाही हाच विचार वापरता येतो. तिथे साध्या मेसेजमध्ये शब्दामागे पत्ता लपवता येत नाही. म्हणून आधी सगळा मजकूर लिहा, त्यात (१), (२) असे आकडे द्या आणि शेवटी एकेका ओळीवर आकडा, पानाचं नाव आणि पत्ता. परीक्षेच्या फॉर्मची माहिती अशी पाठवून बघा, ग्रुपमध्ये "कुठली लिंक?" विचारणारे कमी होतात.

लिंक मरतात, तयारी ठेवा

प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१३ मध्ये असलेल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे आज दिलेली लिंक कायमची नाही, हे धरूनच लिहायचं.

- पत्त्यासोबत पानाचं पूर्ण नाव, लेखक किंवा संस्था आणि तुम्ही ते पाहिल्याची तारीख द्या. पत्ता मेला तरी नावावरून शोधता येतं.
- महत्त्वाचं पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवा.
- लेखात छोट्या केलेल्या लिंक देऊ नका. पत्ता छोटा करून देणारी सेवा बंद पडली तर मूळ पान जिवंत असूनही रस्ता बंद होतो. शिवाय आपण कुठे जातोय हे वाचणाऱ्याला कळत नाही.
- गिटहबवरच्या कोडच्या ठरावीक ओळीची लिंक देताना आधी कीबोर्डवर 'वाय' दाबा. पत्ता त्या क्षणीच्या कोडशी बांधला जातो. नाहीतर उद्या कोणी वर दोन ओळी टाकल्या की तुमची लिंक भलत्याच ओळीवर जाते.

प्रसिद्ध करण्याआधी तपासा

१. फक्त निळे शब्द वाचा. प्रत्येक लिंक कुठे नेते ते कळतं का?
२. सगळ्या लिंक नाहीत असं समजून लेख वाचा. अर्थ लागतो का?
३. पान फोनवर उघडा आणि प्रत्येक लिंक अंगठ्याने दाबा.
४. कच्ची फाइल उघडा. वाक्यं वाचता येतात का?
५. कुठे उघडे चौकटी कंस किंवा एकटा काना राहिलाय का?

त्या रात्रीनंतर मी ते पान नव्याने लिहिलं. तीन 'हिअर' गेले. नव्या सर्व्हरच्या पायऱ्या पानातच लिहिल्या, आकृतीची लिंक तिच्या नावाने दिली आणि जुन्या सर्व्हरची लिंक काढूनच टाकली, कारण तिची कोणालाच गरज नव्हती. मग ते पान त्याच मुलीला दिलं आणि म्हटलं, "फोनवर वाच आणि जिथे अडशील तिथे मला सांग." ती दोन ठिकाणी अडली. त्या दोन्ही जागा मला एकट्याला कधीच दिसल्या नसत्या.

म्हणून शेवटचा सल्ला: लेख पूर्ण झाला की ज्याला त्यातलं काही माहीत नाही अशा एखाद्या मित्राच्या फोनवर तो पाठवा आणि तो वाचत असताना गप्प बसा. त्याने चुकीची लिंक दाबली, तर त्याला दोष देऊ नका. लेख दुरुस्त करा.